चार संदर्भ आणि एक तळटीप: संशोधन मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

आदरणीय मार्गदर्शक आणि परीक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेली अनेक वर्षं काम करते आहे. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी माझ्या टेबलापाशी येतात ते बहुधा अगदी शेवटी, संदर्भसूची "नीट लावून" घ्यायला. वर्ष कंसात की बाहेर, आडनाव आधी की नाव, दोन लेखक असतील तर मध्ये काय घालायचं, एवढंच त्यांना विचारायचं असतं. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे, पण लिहिते आहे तुम्हाला. विद्यार्थी मला काय विचारतात, हे तुम्ही त्यांना काय विचारता यावर ठरतं.

काही आठवड्यांपूर्वी एक विद्यार्थिनी आली. तिच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं, वाक्यात एक टक्केवारी आणि शेवटी कंसात चार संदर्भ. चार संदर्भ म्हणजे वाक्य भक्कम, असं तिला वाटत होतं, आणि तिला तसंच शिकवलेलं होतं. एका संदर्भाचा पृष्ठक्रमांक राहिला होता म्हणून आम्ही तो शोधनिबंध उघडला. आकडा सापडला, पण तो त्या लेखकाने मोजलेला नव्हता. त्याने तो दुसऱ्या निबंधातून घेतला होता. दुसरा उघडला. त्यात तो प्रस्तावनेत होता आणि आधार म्हणून तिसऱ्याचं नाव होतं. चौथ्यानेही तिसऱ्याकडेच बोट दाखवलं होतं. तिसरा म्हणजे एक जुना अहवाल. त्याची प्रत दुसऱ्या ग्रंथालयातून मागवावी लागली, त्यात आठवडा गेला. प्रत आली तेव्हा आम्ही दोघींनी ती पान पान करून पाहिली. आकडा एका तळटीपेत होता. त्याच्या आधी "अंदाजे" असा शब्द होता, आणि हा अंदाज कुणी केला, कधी, कशावरून, याबद्दल एक अक्षरही नव्हतं. पुढच्या तिन्ही निबंधांत "अंदाजे" गळून पडलं होतं.

तिने वाक्य बदललं. "हा आकडा अनेक ठिकाणी आढळतो, मात्र त्याचा मूळ आधार सापडला नाही," असं लिहिलं आणि तळटीपेत सगळा माग नोंदवला: कोणी कुणाकडून घेतला, कुठल्या पानावर, कुठे येऊन वाट संपली. माझ्या मते त्या प्रकरणातला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत प्रामाणिक मजकूर तोच होता. मसुदा तपासून परत आला तेव्हा वाक्य आणि तळटीप दोन्ही लाल शाईने खोडलेली होती. समासात लिहिलं होतं: "असं लिहिल्याने काम कच्चं वाटतं. आधीचं वाक्य ठेवा. चार संदर्भ पुरेसे आहेत."

त्या शेऱ्यामुळे मी लिहायला बसले. शेरा लिहिणाऱ्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तो शेरा आपल्या सगळ्यांच्या सवयीतून आलेला आहे, माझ्याही. कितीतरी वर्षं मी मुलांना स्वल्पविराम दुरुस्त करून दिले आणि एकदाही विचारलं नाही की बाळा, हे तू वाचलंयस का.

आपण विश्वासार्हता शिकवतो ती पाटी वाचून. नियतकालिक समीक्षित आहे का (म्हणजे निबंध छापण्याआधी तज्ज्ञ तो तपासतात का), मान्यताप्राप्त यादीत आहे का, प्रकाशक नावाजलेला आहे का, निबंधाला सायटेशन, म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख, किती आहेत. विकिपीडिया चालणार नाही, ब्लॉग चालणार नाही, पुस्तक चालेल. हे नियम पहिली चाळण म्हणून उपयोगी आहेत, ते मोडीत काढा असं मी म्हणत नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झालेला असताना चाळण हवीच. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट निबंध, थोडेफार तपशील बदलून, ३०४ मुक्त-प्रवेश (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) नियतकालिकांना पाठवला होता. 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रकरण छापून आलं तोवर १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला होता. त्यांतल्या अनेकांच्या पानावर "तज्ज्ञांकडून समीक्षित" अशीच पाटी होती.

पण पाटी खरी असली तरी काम संपत नाही. लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला होता. वैद्यकशास्त्रात याहून मोठी पाटी क्वचितच सापडेल. निबंध होता अवघ्या १२ मुलांवरचा, आणि तो पूर्णपणे मागे घेतला गेला २०१० साली. २०२० च्या मे महिन्यात त्याच नियतकालिकात, कोविडवर वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर एक निबंध आला. ६७१ रुग्णालयं, ९६,००० हून अधिक रुग्ण, सहा खंड. आकडे इतके मोठे की जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी काही काळ थांबवली. मग लोकांनी साधा प्रश्न विचारला: ही माहिती कुठली रुग्णालयं देताहेत? माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने मूळ नोंदी स्वतंत्र तपासणीसाठी द्यायला नकार दिला आणि दोन आठवड्यांच्या आत निबंध मागे घ्यावा लागला. त्याच दिवशी, त्याच कंपनीच्या माहितीवर बेतलेला 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला निबंधही मागे घेतला गेला. समीक्षकांनी दोन्ही वाचले होते. पण समीक्षक हातात असलेला मजकूर वाचतो, रुग्णालयात जाऊन खाटा मोजत नाही. समीक्षेची ही मर्यादा आपण विद्यार्थ्यांना कधी सांगतो का?

आपल्या परंपरेत यावर फार नेमका विचार झालेला आहे, आणि तो संशोधन-पद्धतीच्या तासाला कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेत, "शब्द" हे प्रमाण मानलं आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातूनही खरं ज्ञान मिळू शकतं. मात्र सांगणारा "आप्त" हवा. आप्त कोण, याचं उत्तर भाष्यकार वात्स्यायनाने दिलं आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. म्हणजे सांगणाऱ्याचा दर्जा, कूळ, पीठ यांतून तो आप्त ठरत नाही. याला हे कसं कळलं, आणि जसंच्या तसं सांगण्यात याला काही अडचण किंवा लोभ आहे का, हे दोनच प्रश्न. या दोन प्रश्नांवर त्या चार संदर्भांची परीक्षा घेतली असती तर पहिल्याच प्रश्नाला चौघेही गप्प बसले असते.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. आपण विचारतो, "हा स्रोत विश्वासार्ह आहे का?" प्रश्न अर्धा आहे. कशासाठी विश्वासार्ह, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

१९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक छोटं पत्र छापून आलं. निबंध नव्हे, संपादकांना पत्र. वाक्यं पाच. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या ११,८८२ रुग्णांना अफूजन्य वेदनाशामकं दिली गेली, त्यांच्या नोंदी पाहिल्या. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांमध्ये व्यसन लागल्याची नोंद आढळली. पत्रात खोटं काही नव्हतं. रुग्णालयाच्या खाटेवर, देखरेखीखाली, नोंदवलेलं व्यसन किती, एवढंच ते सांगत होतं. पण पुढे ते घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या रुग्णांसाठी पुरावा म्हणून वापरलं जाऊ लागलं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकाने त्या पत्राच्या उल्लेखांची मोजदाद छापली. उल्लेख ६०८. त्यांतल्या ४३९ ठिकाणी, म्हणजे सुमारे ७२ टक्के, ते व्यसनाचा धोका नगण्य असल्याचा पुरावा म्हणून आलं होतं. ४९१ ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्टच लिहिलेली नव्हती. दरम्यान अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने किती घरं उद्ध्वस्त केली हे जगाने पाहिलं. मूळ पत्राच्या पानावर आता संपादकांनी सावधगिरीची टीप जोडली आहे.

पाच वाक्यं वाचायला एक मिनिट पुरतं. ज्यांनी ते पत्र चुकीचं वापरलं ते सगळे खोटारडे होते असं मला वाटत नाही. बहुतेकांनी ते उघडलंच नसावं. दुसऱ्याच्या निबंधातलं वाक्य आवडलं, त्याच्या शेवटचा संदर्भ वाक्यासकट उचलला. नाव मोठं, नियतकालिक मोठं, आकडा पाच अंकी. चाळणीतून ते अगदी सहज पार झालं असतं, आणि झालंच.

हे उचलणं किती चालतं याचा एक सुंदर माग मिखाईल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये काढला होता. संदर्भ देताना होणाऱ्या छपाईच्या चुका त्यांनी पाहिल्या. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाच्या सुमारे ४,३०० उल्लेखांत १९६ ठिकाणी चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पृष्ठक्रमांकातली एकच चूक तर ७८ वेळा आलेली. मूळ निबंध हातात घेऊन लिहिणाऱ्या ७८ जणांची तीच चूक कशी होईल? त्यांनी गणित मांडून अंदाज केला की मूळ लेख वाचून संदर्भ देणारे जेमतेम २० टक्के असावेत. त्यांच्या गृहीतकांवर वाद घालता येईल, टक्केवारी वरखालीही होईल. पण त्या ७८ जणांचं काय, याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. शाळेत कॉपी अशीच पकडली जायची: उत्तर बरोबर असतं तेव्हा नाही, चूक सारखी असते तेव्हा.

आणखी एक उदाहरण मी प्रत्येक नव्या तुकडीला दाखवते. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी संदर्भ कसा लिहावा याचा नमुना दिला होता, व्हान डर गीर आणि इतर, वर्ष २०००, वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला. असा लेख अस्तित्वात नाही. नमुन्यात दिलेल्या नावाचं नियतकालिकही नाही. तरीही २०१७ मध्ये ॲन-विल हार्झिंग यांनी या प्रकरणाकडे लक्ष वेधलं तेव्हा त्या नमुन्याचे जवळपास ४०० उल्लेख प्रत्यक्ष छापलेल्या कामांत जमले होते. बरेचसे निष्काळजीपणाने, साच्यातली ओळ पुसायची राहून गेल्याने आलेले. पण प्रत्येक ठिकाणी कुणी मार्गदर्शक, कुणी समीक्षक, कुणी संपादक त्या ओळीवरून नजर फिरवून पुढे गेला होता.

इथे मला थोडं थांबून स्वतःलाही बजावायचं आहे, कारण "स्रोत तपासा" सांगणारे आपण काही वेगळे नसतो. पालकातल्या लोहाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, कदाचित वर्गात सांगितलीही असेल. जुन्या काळी कुणा शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि पालकात लोह दहापट आहे असा समज पसरला. बेपर्वाईचा धडा म्हणून मीही ती कितीदा सांगितली आहे. १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका लेखाने ती गाजवली. त्या लेखात तिच्यासाठी कोणताही संदर्भ दिलेला नव्हता. पुढे माइक सटन यांनी मुळापर्यंत शोध घेतला तेव्हा अशा दशांशचिन्हाच्या चुकीचा पुरावाच मिळाला नाही. ओले ब्यॉर्न रेक्डाल यांनी २०१४ मध्ये या सगळ्या साखळीवर लिहिलं. तपासून पाहायला शिकवणारी गोष्टच कुणी तपासली नव्हती. हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नाही. ती गोष्ट मी किती जणांच्या डोक्यात घातली होती, ते आता परत घेता येणार नाही.

दुजोऱ्याबद्दलही बोलायला हवं. "दोन स्वतंत्र स्रोत" हा नियम आपण शिकवतो, पण "स्वतंत्र" या शब्दावर जोर देत नाही. १९८३ साली जर्मनीच्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचं जाहीर केलं. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळतं म्हणून सांगितलं होतं. अक्षर जुळतच होतं, कारण तुलनेसाठी त्यांच्यासमोर ठेवलेल्या "अस्सल" नमुन्यांतही त्याच कोनराड कुयाऊने लिहिलेले बनावट कागद होते. तज्ज्ञ प्रामाणिक, पद्धत योग्य, उत्तर साफ चूक. खोट उघड झाली ती अक्षराशी काही देणंघेणं नसलेल्या वाटेने. कागद तपासला तेव्हा त्यात युद्धानंतरच वापरात आलेलं पांढरेपणा आणणारं रसायन निघालं. स्वतंत्र दुजोरा म्हणजे हे: ज्याचं खरं असणं पहिल्या साक्षीवर अवलंबून नाही असा दुसरा रस्ता. त्याच विहिरीतून भरलेल्या चार घागरी हा दुजोरा होत नाही.

विकिपीडियाच्या बाबतीत हा गोल कसा पूर्ण होतो तेही पाहा. २००८ साली एका विद्यार्थ्याने कोआटी या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या पानावर, त्याला "ब्राझिलियन आर्डवार्क" असंही म्हणतात, अशी स्वतःच्या मनाची ओळ घातली. पुढे ते नाव वर्तमानपत्रांत आलं, पुस्तकातही आलं, आणि मग त्या छापील उल्लेखांचाच आधार विकिपीडियाच्या ओळीला मिळाला. यावरून विकिपीडिया टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. २००५ च्या डिसेंबरात 'नेचर'ने ४२ विज्ञानविषयक नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या तेव्हा विकिपीडियात नोंदीमागे सरासरी सुमारे चार आणि ब्रिटानिका ज्ञानकोशात सुमारे तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने ही तपासणी मान्य केली नाही, पण चुका दोन्हीकडे होत्या यात वाद नाही. मी विद्यार्थ्यांना विकिपीडिया उघडायला सांगते. सरळ तळाशी जायला सांगते, संदर्भांकडे. तिथून वर नाही, खाली उतरायचं. तुम्ही "विकिपीडिया चालणार नाही" म्हणता तेव्हा विद्यार्थी विकिपीडिया वापरायचा थांबत नाही. तो तिथलंच वाक्य घेतो आणि तिथलाच तळातला संदर्भ न उघडता स्वतःच्या सूचीत लावतो. बंदीने फक्त माग पुसला जातो.

आणि आता चॅटजीपीटी. माझ्याकडे येणाऱ्या सूचींमध्ये अस्तित्वात नसलेले निबंध हल्ली दिसू लागले आहेत. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षही पटण्यासारखं, आणि निबंध मात्र कुणी लिहिलेलाच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले असेच कधीही न झालेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. त्या प्रकरणातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. वकिलाला शंका आली होती. त्याने विचारलंही, हा खटला खरा आहे का? पण विचारलं त्याच चॅटजीपीटीला. तो म्हणाला, हो. रोजनिशांच्या हस्ताक्षराचं जे झालं होतं तेच पुन्हा, फक्त यंत्राच्या तोंडून. अशी सूची पकडायला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही, डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकून निबंध उघडला की झालं. साहित्यचोरी पकडणारी यंत्रणा आपण प्रत्येक प्रबंधाला लावतो. त्या यंत्रणेला वाक्य दुसऱ्याचं आहे हे कळतं. ते खोटं आहे हे तिला कळत नाही.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक संदर्भाच्या मुळाशी जायला लागलो तर प्रबंध कधी व्हायचा. बरोबर आहे. तीनशे संदर्भांचा माग काढणं कुणालाच जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. प्रकरणात काही वाक्यं खांबासारखी असतात, ती काढली तर छत खाली येतं, आणि बाकीची भिंतीवरच्या चित्रासारखी. खांब ओळखता येणं हीच संशोधकाची पहिली परीक्षा आहे. त्या विद्यार्थिनीची टक्केवारी खांब होती, तिच्या समस्येचं महत्त्व सगळं त्यावर तोललेलं होतं. त्याच प्रकरणात कुठल्या तरी संस्थेच्या स्थापनेचं वर्ष होतं, ते दुय्यम पुस्तकातून घेतलेलं असलं तरी काही बिघडत नव्हतं.

आणि दुसऱ्या टोकाचीही मला काळजी वाटते. ही उदाहरणं ऐकून काही मुलं म्हणतात, मग कशावरच विश्वास ठेवायचा नाही तर. तसं नाही. वेकफिल्डचा निबंध खोडला तो मोठ्या, वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अभ्यासांनी. दशांशचिन्हाची गोष्ट खोडली ती जुने कागद वाचणाऱ्या माणसाने. ज्ञानावर विश्वास आहे म्हणूनच तर आठवडाभर एका अहवालाची वाट पाहायची. सगळंच संशयास्पद म्हणणारा काहीच उघडून पाहत नाही, आणि सगळं खरं मानणाराही पाहत नाही.

तुमच्या हातात काय आहे, ते एका विद्यार्थ्याच्या गोष्टीतून सांगते. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी मांडलं की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्का होती. दोघेही नामवंत अर्थतज्ज्ञ. काटकसरीची धोरणं आखताना अनेक देशांत या निबंधाचा आधार घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट केंद्रात शिकणाऱ्या थॉमस हर्न्डनला वर्गातला गृहपाठ म्हणून एखादा प्रसिद्ध निबंध पुन्हा गणित करून पाहायचा होता. त्याने हा घेतला. आकडे जुळेनात. त्याने मूळ लेखकांकडे एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. फाइलमध्ये सरासरीचं सूत्र पाच देशांच्या ओळी सोडून लावलेलं होतं. शिवाय काही वर्षांची माहिती गाळलेली होती आणि देशांना भार देण्याची पद्धत विचित्र होती. आपल्या शिक्षकांसोबत, मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन यांच्यासोबत, त्याने २०१३ मध्ये दुरुस्त आकडा मांडला: अधिक २.२ टक्के. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली. कर्ज आणि वाढ यांचा संबंध मात्र आपल्या मते टिकतो, असं त्यांनी सांगितलं, आणि तो वाद अर्थशास्त्रज्ञांचा आहे. मला त्यात दिसतात ते त्या मुलाचे शिक्षक. "इतक्या मोठ्या माणसांचं चुकेल कसं, तुझंच चुकलं असेल," एवढं म्हणून ते त्याला गप्प करू शकले असते.

म्हणून माझी विनंती आहे. मौखिक परीक्षेच्या दिवशी प्रबंधातली तीन खांबासारखी वाक्यं निवडा आणि विद्यार्थ्याला म्हणा, हे मला मुळापर्यंत नेऊन दाखवा. समोर लॅपटॉप असू द्या, फाइली असू द्या. कुणी मोजलं, कशावर मोजलं, किती जणांवर, त्यांचा पगार कोण देत होतं, आणि तुम्ही जे म्हणता तेच त्यांनी म्हटलंय का. पंधरा मिनिटं पुरतात. हे विचारलं जाणार आहे असं मुलांना पहिल्या वर्षीच कळलं तर ती माझ्याकडे शेवटच्या आठवड्यात येणार नाहीत. मूळ मिळालं नाही आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं, तर "अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे" असं उघड लिहू द्या, त्याला गुण कापू नका. संदर्भांची संख्या पाहून खूश होणं सोडा, चाळीस वाचलेले दोनशे उचललेल्यांपेक्षा मला कधीही चालतील. प्रबंध जमा करायच्या आधी सूचीतला कोणता निबंध मागे घेतला गेला आहे का, हे पाहायला सांगा. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहिती २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेकडे खुली आहे, एका दुपारचं काम आहे. आणि जुना अहवाल मिळवायला आठवडा लागतो, म्हणून वेळापत्रकात तो आठवडा धरा.

त्या विद्यार्थिनीचा प्रबंध अजून जमा झालेला नाही. मसुद्यात सध्या जुनंच वाक्य आहे, चार संदर्भांसकट. खोडलेल्या तळटीपेची प्रत तिने माझ्याकडे ठेवायला दिली आहे आणि तो अहवालही अजून परत पाठवलेला नाही, पान दुमडू नये म्हणून कागदाची पट्टी घालून ठेवला आहे. तिचे मार्गदर्शक हे वाचत असतील तर त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: सर, एकदा संदर्भ विभागात या. आपण ते पान एकत्र पाहू, आणि मग त्या वाक्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. अहवाल परत करायची मुदत मी पंधरा दिवसांनी वाढवून घेतली आहे.

आपली,
संदर्भ विभागातली एक ग्रंथपाल